गंजिफांतील दशावतार व त्यांचा बदलता मानमरातब

सोंगट्या, बुद्धिबळे आणि गंजिफा ही तीन नावे आपल्या वाडवडिलांच्या तोंडी एका दमात येत असत. पहिल्या दोन खेळांची ओळख आजही बहुतेकांस आहे. तिसऱ्याचे मात्र नावच तेवढे उरले आहे. बुद्धिबळात प्रत्येक मोहऱ्याचे बळ डावाच्या आरंभी ठरलेले असते व शेवटपर्यंत ते तेच राहते. जुन्या पद्धतीत वजीर तिरका एकच घर चाले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजचे अमर्याद बळ मिळाले, हे खरे. पण असा पालट व्हावयास शतके लागली. गंजिफांत तो पालट सूर्यास्ताबरोबर होतो. दिवसा ज्या रामचंद्राला अग्रपूजेचा मान, त्यालाच दिवेलागणीनंतर श्रीकृष्णाच्या मागे बसावे लागते. हा मानमरातब कोण ठरवितो, तो का बदलतो आणि इतिहासात तो कसकसा बदलत आला, ह्याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम संचाची रचना सांगावयास हवी, कारण आजच्या बावन पानांच्या सवयीने ती ध्यानात येत नाही. गंजिफांची पाने वाटोळी असतात. दशावतारी संचात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग; प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंत आकड्यांची पाने, मिळून बारा. म्हणजे एकूण पाने १२०. राजाच्या पानावर अवताराची मूर्ती, प्रधानाच्या पानावरही तिचेच दुय्यम रूप, आणि आकड्यांच्या पानांवर त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू, रामाला बाण, कल्कीला खड्ग. काही चिन्हे प्रांतोप्रांती बदलतात. खेळणारे तीन, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. इतकी पाने हातात धरणेही कठीण. पुढे गेलेली सारी ध्यानात ठेवणे तर त्याहून कठीण. म्हणूनच ह्या खेळाला बुद्धीचा खेळ म्हणत असत.

हा खेळ मूळचा आपला की परका, ह्या वादात आम्ही फार शिरत नाही. 'गंजिफा' हा शब्द फारशीतून आला, आणि हिंदुस्थानातील त्याचा पहिला निश्चित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो: सिंधमधील शाह हसन ह्यास ह्या खेळाची आवड होती व त्याने पाने मागितली, म्हणून बादशहाने १५२७ साली ती त्याच्याकडे पाठविली. परंतु खरी मौज आहे ती अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी'त. अकबराच्या पुस्तकी मंत्र्यांपैकी हा एक. पुढे तो दक्षिणेच्या मोहिमेवर आला आणि १६०१ साली असीरगड पडेपर्यंत खानदेशात राहिला. तेव्हा बऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेकडील महाद्वार बनले. त्या द्वारातून फौजांबरोबर दरबारी रीतीभातीही खाली उतरल्या, आणि त्यांत गंजिफाही असाव्यात, असे मानण्यास हरकत नाही.

अबुल फजलाने वर्णिलेला जुना खेळ बारा रंगांचा, १४४ पानांचा होता, आणि त्या रंगांची नावे संस्कृतातली आहेत. पहिला अश्वपती, घोडदळाचा स्वामी, दिल्लीच्या बादशहासारखा. दुसरा गजपती, येथे उदाहरण ओरिसाच्या राजाचे दिले आहे. तिसरा पायदळाचा नरपती, उदाहरण विजापूरचे. त्यानंतर गढपती, धनपती, दलपती, नौपती. मग राणी व तिच्या दासी. मग देवांचा राजा सुरपती. आणि त्याच्याही पुढे तीन राजे असे की ज्यांना आजची मुले पाहताक्षणी ओळखतील: जिनांचा व असुरांचा स्वामी, वनातील श्वापदांचा वाघ-राजा आणि अजगरावर बसलेला सर्पांचा राजा अहिपती. घोड्याच्या पाठीवरून निघालेली ही मिरवणूक फणा काढलेल्या सर्पापाशी संपते. सोळाव्या शतकातल्या हिंदुस्थानात कोणाचे बळ कशात आहे असे मानीत, ह्याचा इतका नेटका तक्ता दुसऱ्या कोठे आमच्या पाहण्यात नाही.

ह्या बारांपैकी पहिल्या सहांना 'बेशबर' आणि शेवटच्या सहांना 'कमबर' म्हणत. बेशबर रंगांत प्रधानाच्या खाली दश्शी, तिच्या खाली नव्वी, अशी उतरंड. एक्का सर्वांत हलका. कमबर रंगांत नेमके उलट: प्रधानाखाली एक्का, मग दुर्री, आणि दश्शी तळाशी. ज्या पानावर दहा चिन्हे ते बलवान, असा समज एका रंगात उपयोगी पडतो आणि दुसऱ्यात दगा देतो. हाच नियम दशावतारी खेळातही आला. पाच अवतारांच्या रंगांत दहा थोर, उरलेल्या पाचांत एक थोर. नवशिक्याची खरी फजिती येथेच होई.

अकबराला हा खेळ जसाच्या तसा रुचला नाही. त्याने त्यात फेरफार केले. अबुल फजल सांगतो की धनपतीच्या रंगात बादशहाने जवाहिऱ्या, धातू वितळविणारा, तोलणारा, नाणी पाडणारा, मोजणारा अशी टांकसाळीतली व खजिन्यातली माणसे पानांवर काढविली. पुढे जो मोगली गंजिफा सर्वत्र रूढ झाला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, आणि चंग, सुर्ख, बरात, किमाश. असुर गेले, वाघ गेला, सर्प गेला. त्यांच्या जागी मुकुट, नाणी, तलवार, चाकर, हुंड्या आणि कापडाचे गठ्ठे आले. राज्य स्थिर झाले की वनातल्या राजापेक्षा हुंडीवाला कारकून अधिक कामाचा ठरतो, हे बादशहाला उमगले होते असे दिसते. आम्हांस मात्र सर्पराजाची हकालपट्टी थोडी चटका लावून जाते.

मोगली खेळातही एक सुंदर कलम होते. दिवसा खेळ मांडला तर सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, सूर्याचे प्रतीक, ह्या रंगाच्या राजाने आरंभ करावा. रात्री सफेद म्हणजे रुप्याचे नाणे, चंद्राचे प्रतीक, ह्याने. दशावतारी खेळात हेच कलम राम आणि कृष्ण ह्यांच्याकडे आले. सूर्यवंशी रामाला दिवस आणि चंद्रवंशी, मध्यरात्री जन्मलेल्या कृष्णाला रात्र. योजना करणाऱ्याने पुराण चांगले वाचले होते ह्यात संशय नाही. काही ठिकाणी संधिप्रकाशात नरसिंहाला मान देण्याचा आणि पाऊस पडत असता मत्स्य-कूर्मांपैकी एकाला पुढे करण्याचा प्रघातही सांगतात. हिरण्यकशिपूचा वध दिवसाही नाही आणि रात्रीही नाही अशा वेळी झाला, हे ज्याला ठाऊक आहे त्याला नरसिंहाची वेळ वेगळी शिकवावी लागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा मान उतारीचा, म्हणजे डाव उघडण्याचा आहे, मारण्याचा नव्हे. गंजिफांत एका रंगाचे पान दुसऱ्या रंगाच्या पानाला मारीत नाही. कृष्ण रात्री रामाला जिंकत नाही. तो फक्त आधी बोलतो. झुंज असते ती एकाच रंगातल्या थोर-धाकट्यांची. आणि तीही क्षणाक्षणाला पालटते. राजा खेळून गेला की प्रधान थोर. प्रधानही गेला की त्याच्या खालचे पान. त्या रंगात शिल्लक राहिलेल्यांत जे सर्वांत वरचे, त्याला गंजिफांच्या परिभाषेत 'हुकूम' म्हणतात. डावाच्या आरंभी कोणी विचारीत नव्हते अशी वराहाची चव्वी शेवटी शेवटी हुकूम होऊन बसते, आणि ज्याने गेलेली पाने ध्यानात ठेविली त्यालाच ते कळते. एकशेवीस पानांचा हा सारा खटाटोप त्या एका ज्ञानासाठी आहे, असे म्हटले तरी चालेल.

हे वाचून घरातील तरुण मंडळी कदाचित हसतील, कारण त्यांच्या हातातील खेळांत हाच प्रकार रोज चालतो. 'पोकेमॉन' नावाचा जपानी खेळ १९९६ साली निघाला. त्यात शेकडो चित्रविचित्र प्राणी एकमेकांशी झुंजतात, आणि कोणता प्राणी वरच्या श्रेणीचा व कोणता टाकाऊ ह्याच्या याद्या निष्णात खेळाडू तयार करतात व पुनःपुन्हा बदलतात. आरंभी मनःशक्तीने लढणारे प्राणी इतके प्रबळ झाले की १९९९ सालच्या पुढील आवृत्तीत अंधार आणि पोलाद अशा दोन नव्या जाती आणून त्यांना आवर घालावा लागला. मग अजगरकुळातले प्राणी माजले, तेव्हा २०१३ साली परीजातीची योजना झाली. हा खेळ ज्यांच्या यंत्रांवर प्रथम निघाला ती निंटेंडो कंपनी १८८९ साली क्योटोमध्ये स्थापन झाली ती हातपत्ते बनविण्यासाठी. आणि जपानात पत्त्यांना जो 'कारुता' शब्द आहे तो पोर्तुगीजांचा, ज्यांची जहाजे गोव्याहूनच तिकडे जात. अर्थात तेथे मानमरातब बदलतो तो कारखानदाराच्या फर्मानाने. ते अकबराच्या रीतीला जवळचे. राम-कृष्णांची पाळी बदलते ती घड्याळाकडे न पाहता आभाळाकडे पाहून.

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू: नवव्या अवताराच्या. दशावतारांची यादी आपणांस एकच वाटते. पण ती सर्वत्र एक नाही. जयदेवाच्या 'गीतगोविंदा'त कृष्ण हा स्वतःच अवतार घेणारा, म्हणून आठवा हलधर बलराम आणि नववा बुद्ध. ओरिसातील पानांवर बुद्धाच्या जागी जगन्नाथाचे रूप आढळते. महाराष्ट्रात जुन्या चित्रांतून नवव्या स्थानी कित्येकदा विठोबा उभा असतो. बंगालमधील विष्णुपूरच्या वाटोळ्या पानांत तर बुद्धाला नववे नव्हे, पाचवे स्थान आहे. १८९५ साली महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री ह्यांनी ह्यावरूनच असा तर्क मांडला की बुद्धाला पाचवा गणीत त्या काळचा, म्हणजे मुसलमानी अमलाच्या फार पूर्वीचा, हा खेळ असला पाहिजे. पुढील संशोधकांनी तो तर्क मान्य केलेला नाही, आणि आम्हांसही तो पटत नाही. ज्या खेळात पाच रंगांची उतरंड एका दिशेने आणि पाचांची उलट दिशेने जाते, त्यात एखादा रंग पाचवा की नववा हा श्रद्धेपेक्षा खेळाच्या सोयीचा प्रश्न असू शकतो.

तरीही बुद्धाचे हे स्थानांतर मनात घोळत राहते. बऱ्हाणपूरजवळ फोपनार नावाचे गाव आहे. तेथे विसाव्या शतकात जमिनीतून बुद्धाच्या काशाच्या मूर्ती निघाल्या. त्या वाकाटककाळाच्या, सुमारे पाचव्या-सहाव्या शतकाच्या मानतात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या पाहावयास मिळतात. फोपनारचा बुद्ध कोणाचा नववा नाही. तो उभा आहे, उजवा हात अभयाचा, अंगावरचे वस्त्र झिरझिरीत; त्याच्या आधी कोणी नाही व नंतर कोणी नाही. ह्याच मुलखातून हजारएक वर्षांनी मोगलांचा दरबार गेला आणि त्याचा खेळ दक्षिणेत पसरला. त्या खेळाला आपल्या लोकांनी दशावतारी वेष चढविला, तेव्हा बुद्धाला एक रंग, एक प्रधान आणि दहा पाने मिळाली. हा मान म्हणावा की मानखंडना, ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. इतकेच दिसते की भूमीखाली गेलेला राजा पानांत हुकूम होऊन परत आला.

आपल्या बाजूला ह्या कलेचे माहेर सावंतवाडी. तेथील चितारी मंडळी कापड किंवा कागद चिंचोक्याच्या खळीने जाड करून, वाटोळी पाने कापून, त्यांवर रंग व लाखेचा हात देत. श्रीमंतांसाठी बारीक कामाचे दरबारी कलम, सामान्यांसाठी झटपट काढलेले बाजार कलम. युरोपातून, विशेषतः बेल्जममधील तुर्नहाउटहून, छापील पत्ते स्वस्तात येऊ लागले आणि हे दुकान बसले. बावन पाने, चार रंग, एकच उतरंड. दिवस-रात्रीचा प्रश्नच नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाने काढणारे वृद्ध पुंडलीक चितारी हेच जवळजवळ एकटे उरले होते. शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी ह्यांनी त्यांच्याकडून ही कला शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसविले, आणि पाने पुन्हा निघू लागली. हे उपकार थोडे नव्हेत.

पण चित्र वाचले म्हणजे खेळ वाचला असे होत नाही. आज संच विकले जातात ते चौकटीत लावण्यासाठी, भेट देण्यासाठी. घेणाऱ्याला मत्स्य ओळखता येतो. मत्स्याच्या रंगात एक्का थोर की दश्शी, हे त्याला सांगता येत नाही, आणि ज्या पानाची थोरवी सांगता येत नाही ते पान मुके. हा नियम कोठे कोरलेला नाही. तो ओसरीवर, देवळाच्या अग्रशाळेत, जत्रेच्या जागरणात एका पिढीने दुसरीला तोंडी दिला, आणि गावागणिक त्यात फरक पडत गेला.

ह्यासाठी वाचकांस आमची विनंती आहे. आपल्या घरी, विशेषतः सावंतवाडी, पेडणे, मालवण ह्या पट्ट्यात, ज्या वृद्ध स्त्री-पुरुषांनी गंजिफा खेळलेल्या असतील त्यांच्याकडून चार गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात: कोणत्या पाच रंगांत दश्शी थोर मानीत, आठव्या घरी कृष्ण होता की बलराम, नवव्यावर कोणाचे चित्र होते, आणि पावसात खेळ मांडला तर मत्स्य आधी निघे की कूर्म. उत्तर मराठीत असो वा कोंकणीत, जसे सांगितले तसेच लिहावे. दोन घरांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही कळवावीत.