चेन्नईची एक लढाई आणि तिची रसद



कुठल्याही लढाईबद्दल बोलताना मी आधी एक प्रश्न विचारतो. रसद कुठून आली? तलवार कोणी चालवली हे बखरीत सापडतं. दाणागोटा कोणी पुरवला, तो वेळेवर पोहोचला का आणि मधेच तुटला तर काय झालं, हे शोधावं लागतं. सैन्यात आयुष्य गेल्यामुळे ही सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

आज हाच प्रश्न एका वेगळ्या लढाईला विचारू. ती लढली गेली मी राहतो त्या चेन्नईत, एड्सच्या विरुद्ध. तिच्या आघाडीवर एक मराठी घरातली बाई होती. सार्वजनिक आरोग्याच्या कामाला पैसा कुठून येतो, कसा येतो आणि तो थांबला की काय होतं, हे समजायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

डॉ. सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेलं, चामड्याच्या व्यापारातलं हे मराठी कुटुंब. आठ भावंडांत या एकट्या मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकल्या, पुढे परदेशात काम केलं आणि 1970 च्या दशकात परत येऊन त्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या. हृदयशल्यचिकित्सक डॉ. व्हिक्टर सोलोमन हे त्यांचे पती.

1985 च्या सुमारास एड्सची चर्चा जगभर होती, पण आपल्याकडे ‘हा पाश्चात्त्यांचा रोग’ अशी समजूत होती. मुंबईतले नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेत तपासले गेले होते, त्यांत काही सापडलं नव्हतं. सोलोमनबाईंची एक विद्यार्थिनी, सेल्लप्पन निर्मला, प्रबंधासाठी विषय शोधत होती. बाईंनी तिला सांगितलं, मद्रासमध्ये तपास कर.

आता या मोहिमेची रसद बघा. देहविक्रय करणाऱ्या ज्या स्त्रियांना सरकारी सुधारगृहात ठेवलं जाई, तिथे निर्मला जात. बसचं भाडं वाचावं म्हणून नवरा स्कूटरवरून सोडायचा. हातमोजे नाहीत. नमुने ठेवायला सोय नाही, म्हणून ते घरच्या फ्रिजमध्ये. तीन महिन्यांत 80 नमुने जमले. रक्तातून सिरम वेगळं करायला सोलोमनबाईंनी पतीच्या मदतीने एक तात्पुरती प्रयोगशाळा उभी केली. एलायझा तपासणीची सोय मद्रासमध्ये नव्हती, ती होती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. फेब्रुवारी 1986 मध्ये निर्मला आणि त्यांचे पती बर्फाच्या पेटीत नमुने घालून रात्रीच्या गाडीने काटपाडीला उतरले आणि तिथून रिक्षाने वेल्लोरला गेले. सहा नमुने पिवळे झाले. पुन्हा रक्त घेऊन अमेरिकेत खात्री करून घेतली, निकाल तोच. मे महिन्यात तमिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हांडे यांनी विधानसभेत घोषणा केली. भारतात एचआयव्ही आहे हे अशा रीतीने सिद्ध झालं.

म्हणजे देशातल्या एका मोठ्या साथीचा पहिला सुगावा लागला तो स्कूटर, घरचा फ्रिज आणि रेल्वेच्या तिकिटावर. सुरुवातीचा पैसा असाच खिशातून येतो. मोठे देणगीदार येतात ते आजार सिद्ध झाल्यावर. सिद्ध कोणीतरी आधीच केलेला असतो, आणि तो खर्च कुठल्याच अहवालात दिसत नाही.

मोठा पैसा आला 1992 मध्ये. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा जागतिक बँकेच्या 8 कोटी 40 लाख डॉलरच्या कर्जावर सुरू झाला. त्याच साली पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. पैसा दिल्लीत पोहोचला, पण खाली उतरेना. केंद्राकडून राज्याच्या तिजोरीत, तिथून आरोग्य खात्यात, खात्यातून फाइल, फाइलवर शेरे. सरकारी कोषागाराची ही रीत पगार आणि इमारतींसाठी ठीक असते. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये किंवा ट्रकचालकांमध्ये काम करणाऱ्या छोट्या संस्थेला तीन महिन्यांचे पैसे वेळेवर द्यायचे, तर ती चालत नाही.

यावर तमिळनाडूने 1994 मध्ये एक तोडगा काढला. एड्स नियंत्रणासाठी सरकारनेच एक वेगळी नोंदणीकृत संस्था काढली. अध्यक्ष आणि अधिकारी सरकारचे, पण बँक खातं स्वतंत्र आणि खर्चाचे अधिकार संस्थेकडे. केंद्राचा पैसा थेट त्या खात्यात येऊ लागला. देशातली ही अशी पहिली संस्था. कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात, 1999 पासून, हीच पद्धत सगळ्या राज्यांत नेली. मुंबई महापालिकेची जिल्हा एड्स नियंत्रण संस्थाही याच घडणीची. पुढे 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा पैसाही अशाच राज्य आरोग्य संस्थांमार्फत वाहिला. 2014 पासून केंद्रीय योजनांचा पैसा पुन्हा राज्यांच्या तिजोरीतून जाऊ लागला. हिशेबाची शिस्त की खर्चाचा वेग, ही ओढाताण तेव्हापासून आजपर्यंत चालूच आहे.

दुसरी वाट परदेशी मदतीची. 1995 मध्ये अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदत संस्थेने तमिळनाडूत एड्स प्रतिबंधाचा मोठा प्रकल्प द्यायचं ठरवलं. पैसा सांभाळायला कोण? निवड झाली अड्यारच्या व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेसची, म्हणजे व्हीएचएसची.

इथे थोडं मागे जायला हवं. व्हीएचएस ही डॉ. के. एस. संजीवी यांनी 1958 मध्ये सुरू केलेली संस्था. त्यांची कल्पना साधी होती. कुटुंबाने आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात वर्षाची वर्गणी भरायची, गरिबाने नाममात्र, आणि आजारपणात त्यातून उपचार मिळवायचे. आरोग्य विमा हा शब्द आपल्या घरांत रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. लोकांकडून पैसा घेऊन लोकांना हिशेब देण्याची सदतीस वर्षांची सवय या संस्थेला होती, म्हणून परदेशी पैसा तिच्याकडे सोपवता आला. व्हीएचएसने तो राज्यभरच्या छोट्या संस्थांना वाटला, त्यांच्या कार्यकर्त्यांना कामाचं शिक्षण दिलं, आणि 1996 पासून लोकांच्या वागण्यात खरंच फरक पडतो का याची ठराविक काळाने पाहणी केली. महामार्गावरच्या ट्रकचालकांपर्यंत काम गेलं ते असं.

सोलोमनबाईंनी 1993 मध्ये स्वतःचं केंद्र काढलं होतं, त्याला नाव दिलं वडिलांचं. वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन आणि शिक्षण केंद्र, म्हणजेच वायआरजी केअर. एचआयव्हीबाधितांना अनेक दवाखाने दारातून परत पाठवत होते, तो काळ. या केंद्राने हजारो रुग्ण सांभाळले. बाई बाधित मुलामुलींची लग्नंही जुळवून देत. या केंद्रालाही मोठी जागा मिळाली ती व्हीएचएसच्या तारामणीच्या आवारात. पुढे इथे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशावर संशोधन झालं. नऊ देशांतल्या 1,763 जोडप्यांवरचा एक अभ्यास 2011 मध्ये जाहीर झाला. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण 96 टक्क्यांनी घटतं, हे त्यातून सिद्ध झालं. त्यात चेन्नईचं हे केंद्र होतं आणि पुण्याचंही. जगभरची उपचारपद्धती त्यानंतर बदलली.

औषधाचा पैसा हा वेगळा अध्याय. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा उपचार 350 डॉलरला देऊ केला. तोवर त्याला दहा हजार डॉलरच्या आसपास लागत. 1 एप्रिल 2004 पासून भारत सरकारने हे औषध फुकट द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या केंद्रांत चेन्नईजवळचं तांबरमचं सरकारी छातीरोग रुग्णालय होतं. किंमत उतरली म्हणून सरकारला खर्चाचा आकडा पेलवला. निधी मागताना आपण रक्कम वाढवायचाच विचार करतो, खर्च कमी करणं हीसुद्धा रसदच असते.

आता मोहिमेतला सगळ्यात अवघड भाग, माघारीचा. गेट्स फाउंडेशनने 2003 मध्ये ‘आवाहन’ हा कार्यक्रम सहा राज्यांत सुरू केला. त्यात महाराष्ट्र होता, तमिळनाडूही होता, आणि तमिळनाडूचं काम पुन्हा व्हीएचएसकडे. हे काम शेवटी सरकारकडे सोपवायचं हे आधीच ठरलेलं होतं. त्याप्रमाणे 2009 पासून ते टप्प्याटप्प्याने सोपवलं गेलं. आधी प्रत्येक केंद्राचा खर्च सरकारी दरांत बसवला, कामाच्या नोंदी सरकारी नमुन्यात आणल्या, मग ताबा दिला. ओढाताण झाली, पण बहुतेक काम टिकलं.

याच्या उलट चित्र 2025 मध्ये दिसलं. जानेवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांच्या एका आदेशाने परदेशी मदत एकाएकी थांबली. हैदराबाद, कल्याण आणि पुणे इथे तृतीयपंथी समाजासाठी चालणारे ‘मित्र’ दवाखाने याच पैशावर उभे होते, ते बंद पडले. हैदराबादचा दवाखाना टाटा ट्रस्टच्या मदतीने वेगळ्या नावाने पुन्हा उघडला. औषधासाठी येणाऱ्या माणसाला निधी कोणत्या देशाचा होता याच्याशी काय देणंघेणं? त्याला दिसतं ते बंद दार.

मग इतकी मोठी मदत आटूनही देशाचा एड्स कार्यक्रम का कोसळला नाही? कारण 1992 मध्ये कर्जावर उभा असलेला हा कार्यक्रम तीस वर्षांत स्वतःच्या पायांवर आला होता. 2021 ते 2026 या पाचव्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने 15,471 कोटींची तरतूद स्वतःच्या तिजोरीतून केली. परकी पैशाने वाट घालून दिली, चालणं आपल्या पैशाने झालं. चेन्नईचा इतिहास मला हेच सांगतो: बाहेरचा पैसा तिथेच रुजतो जिथे आधी घरचं काहीतरी उभं असतं. गायतोंडे यांच्या लेकीची जिद्द होती, संजीवींची वर्गणीदार संस्था होती, राज्याची चटपटीत यंत्रणा होती. म्हणून डॉलर आले तेव्हा त्यांचं काम झालं आणि गेले तेव्हा सगळंच वाहून गेलं नाही.

ही मालिका ऐकणाऱ्यांत गावागावांत आरोग्याचं काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून थोडं आजचं सांगतो. परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला पुढे देणं 2020 च्या कायदादुरुस्तीने बंद झालं आहे. तेव्हा मोठ्या संस्थेकडून परदेशी पैसा आपल्यापर्यंत झिरपेल या आशेवर राहू नका. कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि प्रतिबंधक आरोग्यसेवा त्या यादीत आहे. पण असा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षं चालतो, चौथ्या वर्षाचं उत्तर पहिल्याच दिवशी तयार हवं. गावाच्या आरोग्य समितीला अबंधित निधी मिळतो. 15व्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी पाच वर्षांकरिता 70,051 कोटींची शिफारस केली होती. आपल्या पंचायतीच्या वाट्याला त्यातलं किती आलं आणि कशावर खर्च झालं, हे ग्रामसभेत विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि वर्गणी घ्या. दहा रुपये का असेनात, घ्या आणि हिशेब फळ्यावर लिहा. ज्याने दहा रुपये दिले तो दवाखाना बंद पडताना गप्प बसत नाही.

डॉ. सुनीती सोलोमन 28 जुलै 2015 रोजी चेन्नईत गेल्या. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. केंद्र आजही वडिलांच्या नावाने चालू आहे.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.