वलगण: पहिल्या पावसात मासे धारेविरुद्ध का चढतात आणि ते कधी पकडावेत?

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की पालघर, ठाणे आणि रायगडमधल्या लोकांच्या मोबाईलवर एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरू लागतात. गढूळ ओहोळ, हातात बॅटरी आणि जाळं घेतलेली माणसं आणि पाण्याच्या धारेविरुद्ध उड्या मारणारे मासे. या भागात याला 'वलगण' म्हणतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरकडे हेच 'चढणीचे मासे'.

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत वलगणीचा संबंध थेट जेवणाच्या ताटाशी आहे. २०११च्या जनगणनेनुसार इथली नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी असे समाज इथे राहतात. जून-जुलै हे इथले सगळ्यात ओढीचे महिने. मागच्या हंगामातलं भात, नागली आणि वरई संपत आलेली असते आणि नवीन पीक यायला तीन-चार महिने असतात. वीटभट्ट्यांवरून परतलेल्या कुटुंबांचे पैसे बियाण्याला आणि घर शाकारायला लागतात. अशा दिवसांत ओहोळात पैसे न देता मिळणारा मासा फार मोलाचा असतो.

अडचण अशी की याच दिवसांत माशाच्या पोटात अंडी असतात. मासे सगळ्यात सोपे सापडण्याचा काळ आणि त्यांच्या विणीचा काळ एकच आहे.

मासे वर का जातात?

जव्हार-मोखाड्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण डोंगरउतार आणि कातळ असल्याने पाणी टिकत नाही. मे महिन्यात अनेक गावांना टँकर लागतो आणि ओहोळ कोरडे पडतात. उरलेले मासे वाघ, पिंजाळ, वैतरणा अशा नद्यांच्या खोल डोहांत तग धरून राहतात.

डोहात मोठे मासे लहानांना खातात, अन्न कमी असतं आणि उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायूही घटतो. पिल्लांसाठी ही जागा चांगली नाही. पाऊस पडल्यावर वरच्या अंगाला ओहोळ वाहू लागतात आणि भातखाचरं भरतात. तिथलं पाणी उथळ आणि उबदार असतं. बुडालेल्या गवताला अंडी चिकटतात, पिल्लांना सूक्ष्म जीव आणि किड्यांच्या अळ्या भरपूर मिळतात आणि मोठे शिकारी मासे कमी असतात. या पाळणाघराकडे जाण्याचा प्रवास म्हणजे वलगण.

पाऊस आल्याचं त्यांना कसं कळतं?

अंडी पहिल्या पावसात तयार होत नाहीत. एप्रिल-मेमध्ये दिवस मोठा होतो, पाणी तापतं आणि अंडाशय भरू लागतात. मग पावसाळ्यात एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतात. पाणी थंड होतं, त्यातल्या क्षारांचं प्रमाण घटतं, गढूळपणा वाढतो आणि प्रवाह सुरू होतो. या बदलांमुळे माशाच्या मेंदूखालची पीयूष ग्रंथी संप्रेरकं सोडते आणि अंडी घालायची वेळ होते.

मत्स्यबीज केंद्रांत याच गोष्टीचा उपयोग होतो. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे तळ्यातल्या साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली. म्हणून १० जुलै हा देशात 'राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन' आहे. आज धरणांत सोडलं जाणारं मत्स्यबीज याच तंत्रातून येतं.

कोणते मासे चढतात?

मळ्या हा यातला पट्टीचा गिर्यारोहक. त्याच्या हनुवटीखाली चिकटून राहण्यासाठी गोल चकती असते, तिच्या आधारे तो ओल्या कातळावरही टिकतो. खवली आणि मुऱ्यासारखे छोटे मासे ओहोळातून थेट खाचरात पोचतात. शिंगटी आणि शिवडा हे मिशीवाले मासेही पुराबरोबर हलतात. मरळ आणि त्याच्या जातीतले लहान मासे हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे ओल्या गवतातून सरपटत ते एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातात.

वर्षभराचं चक्र

एप्रिल-मे: मासे डोहात एकवटलेले असतात. गळ आणि जाळ्याने मासेमारी होते, पण एखादा डोह पूर्ण उपसला तर त्या ओहोळाचं पुढच्या वर्षीचं बियाणंच संपतं.

जून ते जुलैची सुरुवात: मृग नक्षत्राच्या आसपास पहिले जोरदार पाऊस आणि वलगण. चढण मुख्यतः रात्री आणि पूर चढत असताना होते. पहिले काही पूर सगळ्यात महत्त्वाचे.

जुलै-ऑगस्ट: आवणी होते आणि खाचरात पिल्लं वाढतात. याच दिवसांत तणनाशक किंवा कीटकनाशक पाण्यात उतरलं तर पिल्लं मरतात.

सप्टेंबर-ऑक्टोबर: पाणी ओसरतं आणि मासे खाली उतरू लागतात. खाचराच्या बांधाला पाणी काढायला ठेवलेल्या फटीशी बांबूचा सापळा लावून ते पकडतात. हे मासे विणून झालेले किंवा त्याच वर्षी वाढलेले असतात.

नोव्हेंबर ते मार्च: पाणी निवळतं आणि मासे पुन्हा डोहांकडे जातात. मासेमारी मंदावते.

अंडीवाला मासा पकडला तर काय बिघडतं?

रोहूच्या मादीत किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. त्यातली फार थोडी मोठी होतात, हे खरं. पण मादी चढतानाच पकडली गेली तर ती सगळीच जातात. चार घरांनी कालवणापुरते मासे नेले तर ओहोळ ते सोसतो. ओहोळाच्या तोंडाशी काठापासून काठापर्यंत बारीक जाळं बांधलं, तर एकही मासा वर पोचत नाही.

मरळीच्या बाबतीत धोका आणखी वेगळा आहे. मरळीची जोडी पाणवनस्पतीत घरटं करते आणि पिल्लांची राखण करते. लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला की खाली पालक असतो, हे मासे मारणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. त्याला पकडलं की पिल्लं इतर माशांचं खाद्य होतात.

हाच पेच अमेरिका आणि कॅनडातल्या तळ्यांमध्ये बास माशाबाबत आहे. तिथे वीण पावसावर ठरत नाही. वसंतात पाणी साधारण १५ ते २० अंशांवर आलं की नर काठाजवळच्या उथळ पाण्यात खळगा करून अंड्यांची राखण करतो. तो जवळ येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर झडप घालतो, म्हणून गळाला चटकन लागतो. नर उचलला की इतर मासे अंडी फस्त करतात. त्यामुळे दक्षिण ऑन्टारिओच्या बऱ्याच भागात बास पकडून घरी न्यायचा हंगाम जूनमध्ये, वीण बरीचशी आटोपल्यावर सुरू होतो. आपल्या किनाऱ्यावरही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते.

धरणांमुळे काय बदललं?

मुंबईला पाणी देणारी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडक सागर ही तिन्ही धरणं वैतरणा नदीवर आहेत. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ आहे. खालून येणाऱ्या माशाला ही भिंत ओलांडता येत नाही. छोटे सिमेंट बंधारेही ओहोळात हेच काम करतात, विशेषतः जिथे पाणी उंचावरून कोसळतं आणि खाली सपाट काँक्रीट असतं.

धरणाच्या साचलेल्या पाण्यात वलगणीची गरज नसलेले मासे फोफावतात. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया त्यातलाच. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षात अनेकदा विते. परदेशी थाई मागूर हा तर इतर मासे फस्त करणारा. त्याच्या पालनावर देशात २००० पासून बंदी आहे.

विष, सुरुंग आणि करंट

उन्हाळ्यात डोहात रामेठ्याची साल किंवा गेळाची फळं कुटून टाकून मासे गुंगवण्याची जुनी पद्धत आहे. आता काही ठिकाणी ब्लीचिंग पावडर, कीटकनाशकं, सुरुंग किंवा विजेचा करंट वापरला जातो. यात पिल्लं, खेकडे, बेडूक सगळेच मरतात. तेच पाणी खाली गुरं आणि माणसं वापरतात. करंटने माणसाचाही जीव जाऊ शकतो. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्याला आपल्याकडे १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. त्यात चुना आणि इतर घातक पदार्थांचाही उल्लेख आहे.

नियम कोण ठरवू शकतं?

जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६च्या पेसा कायद्याने अशा भागात लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे सोपवलं आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि जलसाठ्यातल्या इतर उत्पन्नाचा हक्क मोजला आहे. म्हणजे गावाला आपल्या ओहोळासाठी एकत्र बसून नियम करायला कायद्याचा आधार आहे. पहिले दोन-तीन पूर सोडून द्यायचे, एखादा डोह राखीव ठेवायचा, बाहेरच्या मोठ्या जाळ्यांना मनाई करायची, असे साधे नियम पुरतात.

वलगणीला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

• पोट फुगलेली, अंडी भरलेली मादी हाती लागली तर लगेच पाण्यात सोडा.
• ओहोळ पूर्ण अडवू नका. निम्मा प्रवाह मोकळा ठेवा.
• पिल्लांच्या थव्यासोबतची मरळ पकडू नका.
• जास्त मासे हवे असतील तर भाद्रपदानंतरच्या उतरणीची वाट पाहा.
• रात्री पुराच्या पाण्यात एकटे उतरू नका. डोंगरातल्या ओहोळात पाणी काही मिनिटांत वाढतं.
• गावाबाहेरून जात असाल तर आधी गावाला विचारा. व्हिडिओत ओहोळाचं नाव आणि लोकेशन टाकलं की पुढच्या पावसात तिथे गर्दी होते, आणि त्या गर्दीने नेलेला मासा गावातल्या कुणाच्या तरी जेवणातून कमी होतो.