हिमनद्या वितळतात म्हणजे काय? पिंप्राळ्याच्या मुलांसाठी



मे महिन्यात पिंप्राळ्यात बर्फ दिसतो तो केवळ गोळ्याच्या गाडीवर, आणि तोही खाऊन होण्याआधीच निम्मा पाणी झालेला असतो. पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या खान्देशात हिमनदीचा धडा शिकवणे सोपे नाही. ‘आपल्याकडे हिमनदीच नाही, मग ती वितळली तर आपले काय बिघडते?’ असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जपून द्यायला हवे, कारण ह्या विषयावर पुष्कळदा चुकीचे उत्तर दिले जाते.

उंच पर्वतांवर हिवाळ्यात भुरभुरीत हिम पडते. उन्हाळ्यात ते सगळे वितळले नाही, तर पुढच्या वर्षीचे हिम त्यावर साचते. वर्षानुवर्षे साचलेल्या थरांच्या भाराने खालचे हिम दबून घट्ट बर्फ होते आणि तो बर्फ उतारावरून अगदी मंद गतीने सरकू लागतो. ह्या सरकत्या बर्फालाच हिमनदी म्हणतात. भारतात अशा नऊ हजारांहून अधिक हिमनद्या आहेत आणि त्या सर्व हिमालयाच्या परिसरात आहेत. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. गोमुख हे तिचे टोक असून तेथून भागीरथी बाहेर पडते.

हिमनदी उन्हाळ्यात वितळते, ह्यात गैर काहीच नाही. वितळणे हा तिचा धर्मच आहे. पाहायचा असतो तो जमाखर्च. हिवाळ्यातली जमा आणि उन्हाळ्यातला खर्च सारखा असला, तर हिमनदी जागेवर राहते. खर्च वाढला की तिचे टोक वर वर हटते. गंगोत्रीचे टोक गेली अनेक दशके वर्षाला सरासरी सुमारे २० मीटर मागे सरकत आले आहे.

आता आपल्या नदीकडे वळू. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. जळगावजवळून जाणारी गिरणा सह्याद्रीतून येते. ह्यांपैकी एकाही नदीत हिमनदीचा थेंब नाही. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, त्या दिवसांत आभाळातून जे पडते त्यावरच ह्या नद्या जगतात. म्हणून ‘हिमनद्या वितळल्या की तापी आटेल’ असे कोणी सांगितले, तर ते खरे मानू नका. सिंधू आणि गंगेच्या वरच्या खोऱ्यांतील गावांना ती भीती आहे. आपली काळजी वेगळी आहे.

बर्फाचा खर्च का वाढला? पृथ्वीभोवती हवेची गोधडी आहे. त्या हवेतील कार्बन डायऑक्साइडसारखे वायू जमिनीची उष्णता धरून ठेवतात. ही गोधडी मुळीच नसती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास असते. तेव्हा गोधडी हवीच. पण आपण ती जाड करीत चाललो आहोत. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने हे घडले. भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रातही कोळसाच जळतो. त्या केंद्राला नावे ठेवण्यात अर्थ नाही, कारण अशाच विजेवर आपल्या घरातला पंखा फिरतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला पायांनी ठाऊक आहे. भर दुपारी डांबरी सडकेवर अनवाणी चाललात तर चटका बसतो. चुन्याने रंगवलेल्या ओट्यावर तितका बसत नाही. पांढरा रंग ऊन परतवतो, काळा ते पिऊन घेतो. बर्फ हटला की खालचा काळा खडक उघडा पडतो, तो अधिक तापतो आणि शेजारचा बर्फ आणखी वितळवतो.

वितळलेले पाणी अखेर समुद्राला मिळते. घरी एक प्रयोग करा. दोन सारखे पेले घ्या आणि दोन्हींत अर्धे पाणी भरा. एकात बर्फाचे खडे टाका. दुसऱ्यावर चहाची गाळणी ठेवून तिच्यात खडे ठेवा. आता दोन्ही पेल्यांवर पाण्याच्या पातळीची रेघ ओढा. बर्फ विरघळल्यावर पाहा : पहिल्या पेल्यात पातळी तशीच राहते, दुसऱ्यात ती चढते. पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळल्याने समुद्र जवळजवळ वाढत नाही; जमिनीवरचा बर्फ वितळला की वाढतो. एकट्या ग्रीनलँडचा सारा बर्फ वितळला, तर समुद्र सुमारे सात मीटर चढेल. अर्थात त्याला शेकडो, कदाचित हजारो वर्षे लागतील. शिवाय पाणी तापले की फुगते, त्यानेही समुद्र चढतो. सन १९०० पासून आजवर जगातील समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ एक वीत वाढली आहे.

एक वीत म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण तापीच्या मुखाशी सुरत आहे आणि खान्देशातील असंख्य कुटुंबे पोटासाठी तेथे गेली आहेत. तुमचेही कोणी काका, मामा तेथे असतील. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावे लागले, तेव्हा त्या शहराचा बहुतांश भाग बुडाला. समुद्राला भरती असली की नदीचा पूर लवकर ओसरत नाही. आणि समुद्रच वर चढत असेल, तर ही अडचण वाढत जाणार. शिवाय हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो. हिमालयाचा बर्फ तापीत येत नाही. परंतु त्याला वितळवणारी उष्णता आपल्या आभाळात आहे आणि आपली नदी ज्या समुद्राला मिळते तो समुद्र एकच आहे.

केळीच्या बागाईतदारांना ह्या उष्णतेची ओळख जुनी आहे. बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत दाट लावतात, ते उन्हाळ्यातील तप्त वाऱ्यापासून केळीची पाने वाचवण्यासाठीच.

हिमालयातील लोकांवरचे संकट मात्र अधिक जवळचे आहे. मागे हटणाऱ्या हिमनदीपुढे दगडमातीच्या बांधाआड तळे साचते आणि बांध फुटला की खालच्या दरीत हाहाकार उडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक तळे असेच फुटले. तिस्ता नदीवरील चुंगथांगचे धरण वाहून गेले आणि अनेकांचे प्राण गेले.

व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीने २०११ साली पर्वतीय हिमनद्यांवर शास्त्रज्ञांचा एक अहवाल सादर केला होता, आणि दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात वितळत्या बर्फाचा उल्लेख केला आहे. मोठ्या मुलांनी ते जरूर वाचावे.

शेवटी निबंध लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘२०३५ पर्यंत हिमालयातील हिमनद्या नाहीशा होतील’ हे वाक्य अनेक वह्यांत आढळते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या २००७ च्या अहवालात ते चुकून आले होते. २०१० साली समितीने चूक जाहीरपणे कबूल केली. हिमनद्या झपाट्याने घटत आहेत हे खरे, पण ते साल खोटे आहे. तुमच्या वहीत असेल तर खोडून टाका.