बऱ्हाणपूरचा रस्ता आणि उधन्याचा मुक्काम

सुरत शहराचा बाहेरचा तट कोठून जात होता हे पाहावयाचे असेल तर आज रिंग रोडने फेरी मारावी लागते. तट गेला, त्याच्या विटा कोणाकोणाच्या घरांत गेल्या याचा हिशेब उरला नाही. दरवाजांची नावे मात्र चौकांना आणि बसथांब्यांना चिकटून राहिली आहेत. दिल्ली गेट, सहारा दरवाजा, मजुरा गेट, उधना दरवाजा. याच भागात सलाबतपुऱ्यालगत बऱ्हाणपुरी भागळ नावाची वस्ती आहे. गुजरातीत भागळ म्हणजे गावाची वेस. उधना वेशीबाहेरचेच गाव, तेव्हा त्याचे नाव दरवाजाला मिळाले यात नवल नाही. पण बऱ्हाणपूर येथून तीनशे किलोमीटरांहूनही दूर आहे. एवढ्या लांबच्या शहराचे नाव वेशीला मिळते, तेव्हा त्या वेशीतून निघणारा रस्ता केवढ्या योग्यतेचा असला पाहिजे!

तो होताही तसाच. मोगल काळात आग्र्याकडे जाणारा माल या रस्त्याने बऱ्हाणपूर गाठी आणि तेथून पुढे उत्तरेस वळे. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात याच मार्गाने बऱ्हाणपुरास पोचला. सुरतेत काफिल्यांसाठी १६४४ मध्ये बांधलेली मोगल सराई आजही उभी आहे. महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय तिच्यात भरते. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने तर या वाटेवरचे टप्पे कोसांसह लिहून ठेवले. सुरत ते बारडोली १४ कोस, मग वालोड, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर आणि शेवटी बऱ्हाणपूर. नवापूर हे विणकरांनी भरलेले गाव असल्याची आणि तेथील तांदळास कस्तुरीसारखा गंध असल्याची नोंद त्याने आवर्जून केली आहे. वालोड आणि नवापूर यांच्यामधला टप्पा फार लांब होता आणि त्या डोंगराळ मुलखातले राजे मोगलांना जुमानीत नसत, म्हणून काफिले तेथे हटकून अडचणीत येत. शाहजहानची कन्या जहाँआरा बेगम हिने मध्ये एक सराई बांधली आणि तो टप्पा तुटला. ही गोष्ट लहान दिसते. पण जुना रस्ता म्हणजे काय, हे तिच्यातून जितके कळते तितके नकाशातून कळत नाही. जुना रस्ता अंतराने मोजला जात नसे, मुक्कामांनी मोजला जात असे. पाणी, वैरण, रात्रीची राखण आणि सकाळी निघण्यापूर्वीचा बाजार हे जेथे मिळे, तेथे रस्ता थांबे. आणि जेथे रस्ता थांबे, तेथे गाव मोठे होई.

अशा मुक्कामांपैकी उधन्याचा एक मुक्काम इतिहासात कायमचा नोंदला गेला. १६६४ च्या जानेवारीत, इंग्रजी कागदांतील तारखेप्रमाणे ५ जानेवारीस, गणदेवीकडून शिवाजी महाराज येत असल्याची वार्ता सुरतेत फुटली आणि सायंकाळपर्यंत त्यांचा तळ शहरापासून दोन-अडीच कोसांवर उधन्यास पडला. सुभेदार इनायतखान आणि हाजी सैद बेग, बहिर्जी बोहरा व हाजी कासीम हे तीन बडे व्यापारी यांनी समक्ष येऊन खंडणी ठरवावी, अशा अर्थाचे पत्र त्याच रात्री शहरात गेले. उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास महाराजांचा तंबू बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत उभा राहिला. शहराभोवती तेव्हा मातीची क्षुल्लक भिंत होती. पक्का तट झाला तो या स्वारीनंतर. महाराज आले दक्षिणेकडून, पण तळासाठी त्यांनी वेस निवडली ती बऱ्हाणपूरची. यातला लष्करी हेतू काय असेल तो असो. देशावरचा पैसा ज्या तोंडाने सुरतेत शिरत होता, त्याच तोंडाशी ते बसले होते एवढे खरे. १६७० च्या ऑक्टोबरात ते पुन्हा आले आणि परतताना बागलाणातून मुल्हेरच्या बाजूने गेले. पुढील शतकात पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडास ठाणे केले, तेव्हा हाच रस्ता त्यांच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आला. ज्याच्या हाती मुक्काम त्याच्या हाती रस्ता, हे गायकवाडांना बरोबर उमगले होते.

काफिल्यांच्या रस्त्याला पहिला वळसा पडला तो लोखंडाचा. १८६० मध्ये सुरतेस आगगाडी आली, १८६४ मध्ये ती मुंबईशी जोडली गेली आणि १८९९-१९०० या काळात ताप्ती व्हॅली रेल्वे खुली होऊन उधना हे जंक्शन झाले. या लोहमार्गाने जुन्या वाटेचा बराचसा माग धरला. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा ही गावे तिने राखली. मग मात्र ती अमळनेरावरून जळगावकडे वळली आणि थाळनेर व चोपडा ही दोन्ही ठिकाणे बाजूस पडली. थाळनेर हे फारुकी राजांचे पहिले ठाणे. तापीकाठी त्यांच्या कबरी आणि किल्ल्याचे अवशेष आहेत. बऱ्हाणपूर वसण्यापूर्वी खानदेशची सत्ता तेथे नांदत होती. आज थाळनेरास जावयाचे तर मुद्दाम जावे लागते. वाटेत ते कोणालाच लागत नाही. एखाद्या गावाच्या ऱ्हासाची कारणे शोधताना लढाया आणि दुष्काळ यांचीच नावे घेण्याची इतिहासकारांना सवय आहे. रस्ता दोन-चार कोसांनी सरकणे हे कारण त्यांच्या लेखी फारच साधे ठरते.

दुसरा वळसा मोटारीचा. नवापूरहून नंदुरबारकडे न वळता विसरवाडी, कोंडाईबारी घाट, साक्री असे करीत मोटाररस्ता धुळ्यास गेला. हजिऱ्याहून थेट कलकत्त्यापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ तो हाच. २०१० च्या फेररचनेत त्याचा क्रमांक ५३ झाला, तरी वाहनचालकांच्या तोंडी जुना आकडा बराच काळ टिकला. दरम्यान १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची वाटणी झाली आणि नवापूर स्थानकाच्या मधूनच राज्यांची सीमा गेली. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. एकाच बाकावर बसलेले दोन प्रवासी दोन राज्यांत बसलेले असतात. सीमेचे हे कौतुक छायाचित्रांपुरते ठीक आहे. खानदेशी माणसाने ती सीमा ओलांडताना कधी फारसे मनावर घेतले नाही.

कारण तो याच रस्त्याने उधन्यास येत होता. उधना आणि पांडेसरा येथील औद्योगिक वसाहती, यंत्रमाग, रंगाई व छपाईचे कारखाने यांना हात हवे होते आणि धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांत कोरडवाहू शेतीला पोट भरता येत नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने ही ओढ आणखी वाढविली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत अहिराणी बोलणाऱ्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या उभ्या राहिल्या. श्रावणात कानबाई बसू लागली, रोट शिजू लागले. तावेर्नियेने ज्यांचे माग नवापुरास पाहिले, त्यांचे वंशज हेच, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु माग आणि विणकर यांची वाट तीन शतकांनंतरही तीच राहिली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. काफिल्याचा मुक्काम एका रात्रीचा असे. यांचा मुक्काम पिढ्यांचा झाला. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगचे भय पसरले तेव्हा लक्षावधी माणसे शहर सोडून निघाली. त्यांतील खानदेशी मंडळींना घरची दिशा कोणास विचारावी लागली नाही.

तिसरा वळसा अगदी अलीकडचा. गुजरात-महाराष्ट्र सीमेपासून हजिरा बंदरापर्यंत सुमारे १३३ किलोमीटरांचा रस्ता चौपदरी झाला. बारडोली आणि व्यारा या गावांचे बाजार टाळून तो बाहेरून जातो. पुढे सुरतेत न शिरता पलसाणा, सचिन, मगदल्ला असा उसाच्या शेतांतून थेट समुद्राकडे निघतो. सुरत-कडोदरा-बारडोली हा जुना रस्ता त्याच्या उत्तरेस राहिला. शहराजवळच्या सारोलीत त्यावर कापडबाजारांच्या बहुमजली इमारती उठल्या आहेत. कडोदऱ्यास तो मुंबई-अहमदाबाद महामार्गाला छेदतो. त्यापुढे तो तालुक्याचा रस्ता होऊन राहिला आहे. बंदराचा माल गावांतून न गेल्यामुळे अपघात व कोंडी घटते, हा लाभ कोणी नाकारणार नाही. शाळा सुटण्याच्या वेळी अवजड मालमोटारी दारावरून जात नाहीत, याचे मोल त्या रस्त्याकाठच्या आईबापांना विचारावे. पण या रस्त्याला मुक्काम नाही. त्याला टोलनाके आहेत, पेट्रोलपंप आहेत, मोठी उपाहारगृहे आहेत. आणि ती सर्व वाहनासाठी आहेत, पायी माणसासाठी नाहीत.

पायी माणूस आता कोण उरला, असा प्रश्न येथे कोणी विचारील. २०२० च्या मार्च महिन्यात त्याचे उत्तर सर्वांनी पाहिले. गाड्या बंद, कारखाने बंद. सुरतेहून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन नवापूरच्या दिशेने चालू लागली. चौपदरी रस्ता त्यांना सरळ पडत होता, पण सावलीचे झाड आणि गावचे पाणी हवे तर त्यांना रस्ता सोडून आत वळावे लागे.

आणि ते वर्ष अपवादाचे मानले, तरी ऊसतोडणीचा हंगाम दर वर्षी येतोच. बारडोली, चलथाण, मढी येथील सहकारी साखर कारखान्यांसाठी खानदेशातून आणि डांगातून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात याच मजुरांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांची मोजणी माणसांनी होत नाही, ‘कोयत्यां’नी होते, तोडणारा, मोळ्या बांधणारी आणि बरोबरचे पोर मिळून एक कोयता. सराई नाही, बेगमेने बांधलेले काही नाही. दिवाळी सरली की शेताच्या कडेला, जुन्या रस्त्याच्या खाली, चार काठ्या आणि प्लास्टिकचा कागद यांची पाले पडतात. पहाटेच्या अंधारात माणसे फडात शिरतात. दिवस उगवेतो चुली विझलेल्या असतात, आणि पालांजवळ राहिलेली लहान मुले त्या रस्त्यावरच खेळत असतात.