गाजरगवत, भुंगेरा आणि सूर्यफूल

गाजरगवत हे नावापुरतेच गवत. वनस्पतिशास्त्रानुसार ते सूर्यफूल, शेवंती आणि झेंडू यांच्या कुळातले आहे. मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश हे त्याचे मूळ स्थान. लिनियसने १७५३ साली त्याचे ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’ असे नामकरण केले. भारतात पुण्यातील त्याचे अस्तित्व आर. एस. राव यांनी १९५६ साली शास्त्रीय नियतकालिकात नोंदवले. आयात गव्हाबरोबर त्याचे बी आले, अशी सर्वत्र समजूत आहे.

एका रोपाला हजारो बिया धरतात. त्यातील पार्थेनिन या रसायनामुळे अनेकांना त्वचादाह होतो, तर परागकणांमुळे श्वसनाचा त्रास होतो. मायदेशी या वनस्पतीवर जगणारे कीटक तिच्या वाढीला आळा घालतात. भारतात मात्र ते नव्हते.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरूला ‘झायगोग्रामा बायकलराटा’ हा पाने खाणारा भुंगेरा आणण्यात आला. तो इतर पिकांवर तर जाणार नाही ना, याच्या चाचण्या झाल्या आणि १९८४ साली त्याला बंगळूरू परिसरात मोकळे सोडण्यात आले. काही वर्षांतच तेथील गाजरगवत पावसाळ्यात पर्णहीन दिसू लागले.

पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी हेच भुंगेरे सूर्यफुलाची पाने खाताना आढळले. तेलबियांचे हे पीक गाजरगवताचेच कुलबंधू असल्याने शंका गंभीर होती. एकदा निसर्गात रुळलेला कीटक परत पिंजऱ्यात घालता येत नाही. वाद उसळला आणि शासनाने सत्यशोधन समिती नेमली. बंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील के. पी. जयंत व सहकाऱ्यांनी १९९३ साली एक कारण पुढे आणले: सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडले की भुंगेरे त्या पानांकडे वळतात. म्हणजे त्यांना मोह होता तो मूळ भक्ष्याचाच. सूर्यफूल हे त्यांचे कायमचे आश्रयस्थान नव्हते.

आज हा भुंगेरा महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आढळतो. मात्र कोरड्या महिन्यांत तो मातीत निद्रिस्त असतो आणि गाजरगवत ओलावा मिळेल तेथे वर्षभर उगवत राहते. त्यामुळे तणाचे निर्मूलन झालेले नाही, प्रादुर्भाव काही काळ ओसरतो एवढेच. परदेशी कीटक आणण्यापूर्वीची चाचणी जितकी आवश्यक, तितकेच त्याला सोडल्यानंतरचे निरीक्षणही आवश्यक असते, हे बंगळूरूच्या या प्रयोगाने दाखवून दिले.