नव्या घरातील नेटवर्क : निर्णय काँक्रीटपूर्वीचा

बाणेर, खराडीसारख्या पुण्याच्या उपनगरांत अनेक उंच इमारती आता अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांतून उभ्या राहतात. भिंती व स्लॅब एकत्रच ओतले जातात. अशा भिंतीत नंतर खाचा पाडणे धोक्याचे असते. त्यामुळे वायरिंगचे पाइप कोठून जाणार, हे काँक्रीटपूर्वीच ठरते. तयार सदनिका घेणाऱ्याने निदान पाइपांचा नकाशा मागून घ्यावा. विटांच्या बंगल्यात मात्र प्लास्टरपर्यंत सवड असते.

तारेपेक्षा पाइपाला महत्त्व अधिक. कॅट-६ तारेतून १ गिगाबिट वेग १०० मीटरपर्यंत, तर १० गिगाबिट सुमारे ५५ मीटरपर्यंत मिळतो. घराला एवढे पुष्कळ झाले. तरीही तंत्र बदलतेच. पाइप ऐसपैस, वळणे गोलाईची आणि आत दोरी ओवलेली असेल, तर भिंत न फोडता नवी तार ओढता येते. ही तार विजेच्या पाइपातून मात्र नेऊ नये.

राउटर दाराजवळच्या लोखंडी पेटीत कोंबण्याची पद्धत अनाकलनीय आहे. लोखंड व काँक्रीट दोन्ही वायफायला अडवतात. राउटर मोकळ्यावर ठेवावा. आतल्या खोल्यांसाठी पॅसेजच्या छतापर्यंत स्वतंत्र तार न्यावी.

बहुतेक स्मार्ट स्विचना न्यूट्रल तार लागते. ज्या बोर्डावर प्लग नसतो, तेथे ती अनेकदा नेलेलीच नसते. वायरमनला हे आधीच सांगावे आणि प्लास्टरपूर्वी मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीची छायाचित्रे काढून ठेवावीत.