न्युमोनियाची लस : कोणी घ्यावी

न्युमोनियाची लस (न्युमोकॉकल लस) : स्ट्रेप्टोकॉकस न्युमोनी या जिवाणूमुळे होणारा न्युमोनिया, मेंदूज्वर व रक्तातील जंतुसंसर्ग यांपासून संरक्षण देणारी लस. विषाणूंमुळे किंवा इतर जिवाणूंमुळे होणारा न्युमोनिया तिने टळत नाही. तिचे मुख्य प्रकार दोन : संयुग्मी लस (पीसीव्ही) आणि जिवाणूच्या २३ उपप्रकारांवरील बहुशर्करी लस (पीपीएसव्ही-२३). दुसरी लस दोन वर्षांखालील मुलांना उपयोगी पडत नाही.

बालके : राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात पीसीव्ही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०२१ मध्ये देशभर लागू झाली. गिरड (ता. समुद्रपूर, जि. वर्धा) असो की मुंबई, सरकारी लसीकरण सत्रात ती प्रत्येक बाळाला मोफत मिळते. सहाव्या व चौदाव्या आठवड्यात एकेक डोस आणि नवव्या महिन्यात बूस्टर. टोचतात उजव्या मांडीत. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असल्यास डोस पुढे ढकलू नये. आधीच्या डोसाने गंभीर ॲलर्जी झाली असेल, तर मात्र पुढचा देऊ नये.

सिकलसेल रुग्ण : विदर्भात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात प्लीहा लहान वयातच निकामी होत जाते आणि या जिवाणूशी लढण्याची शरीराची ताकद घटते. म्हणून अशा मुलांना पीसीव्हीचे डोस पूर्ण झाल्यावर, वयाच्या दोन वर्षांनंतर, पीपीएसव्ही-२३ देण्याचीही शिफारस असते. या लसीची निकड यांना विशेष आहे.

प्रौढ : ६५ वर्षांवरील व्यक्ती, तसेच मधुमेह, दमा, फुप्फुस, हृदय, यकृत वा मूत्रपिंडाचे जुनाट आजार, एचआयव्ही किंवा कर्करोग असलेले, प्लीहा काढलेले आणि धूम्रपान करणारे. सरकारच्या नियमित कार्यक्रमात प्रौढांसाठी ही लस नाही. बहुतेकांना ती विकत घ्यावी लागते. कोणती लस, किती अंतराने, हे डॉक्टर ठरवतात. दरवर्षीची फ्लूची लसही याच गटांनी घ्यावी.

लसीनंतरची दक्षता : लस घेतली तरी धोक्याची लक्षणे ओळखता आली पाहिजेत. शांत असलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षे ४० किंवा त्याहून अधिक श्वास हे न्युमोनियाचे लक्षण मानतात. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर बाळाला लगेच रुग्णालयात न्यावे. प्रशिक्षित आरोग्यदूतांनी गावातच वेळेवर प्रतिजैविक दिल्यास बालमृत्यू घटतात, हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिले. तो अभ्यास १९९० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.